आई-बाबांचा जर्मनीचा व्हिसा: तीन महिने म्हणजे ९० दिवस नव्हेत

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत चौकशी केली, तर दोन-चार घरांतली मुलं म्युनिक, स्टुटगार्ट नाहीतर बर्लिनला निघतात. उन्हाळा जवळ आला की आई-बाबांना तिकडे बोलावायची घाई सुरू होते आणि पहिला प्रश्न येतो, ‘बँकेत किती पैसे दाखवायचे?’ पैसे लागतातच, पण व्हिसा अधिकारी फाइलमधला एक कागद दुसऱ्याशी ताडून बघतो. तारखा, नावं आणि खर्च कोण करणार हे तिन्ही सगळीकडे सारखं असलं, की बरंचसं काम झालं.

आधी तारखा. शेंगेनचा, म्हणजे जर्मनीसह बहुतेक युरोपीय देशांत मिळून एकच चालणारा अल्पमुदतीचा व्हिसा कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहू देतो. लोक सर्रास ‘तीन महिने’ धरतात आणि तिथेच चुकतात. १ जूनला उतरून ३१ ऑगस्टला निघालात, तर ३०, ३१ आणि ३१ मिळून ९२ दिवस होतात. उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवस दोन्ही मोजले जातात. म्हणजे १ जूनला उतरणाऱ्याने २९ ऑगस्टला बाहेर पडलंच पाहिजे. मुंबईहून मध्यरात्रीनंतरचं विमान असेल, तर तिकिटावरची निघायची तारीख सोडा, तिकडे उतरायची तारीख धरा.

पुढची खेप कधी? १८० दिवसांची ही खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते. वरच्या उदाहरणात पूर्ण ९० दिवस वापरले असतील, तर १ जूनचा दिवस खिडकीबाहेर पडतो तो २८ नोव्हेंबरला. त्याआधी एक दिवसही जाता येत नाही. दिवाळीला परत बोलवायचा बेत असेल, तर पहिली खेपच आखूड ठेवा.

आता नावं. आपल्याकडे स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव अशी तीन पदरी रचना. पासपोर्टमध्ये मधलं नाव बहुतेक वेळा पहिल्या नावाच्याच रकान्यात असतं, बँकेत फक्त आद्याक्षर असतं आणि पॅनवर कधीकधी माहेरचं नाव असतं. अर्जात, तिकिटात आणि विम्यात नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने लिहा. आईचं लग्नानंतर नाव बदललं असेल आणि काही कागद जुन्या नावाचे असतील, तर विवाह नोंदणीचा दाखला जोडा. तो नसेल, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घ्या.

नात्याचा पुरावा हाही नावांचाच भाग. जुन्या जन्मदाखल्यांवर कित्येकदा बाळाचं नावच नसतं, नुसतंच ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’. अशा वेळी मुलाच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावरची आई-वडिलांची नावं कामी येतात. पण तिथे आईचं नाव कसं छापलंय ते आजच बघून ठेवा.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा, गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. नूतनीकरण करायचं असेल, तर मुंढव्याच्या सेवा केंद्राची वेळ आधी घ्या आणि नवा पासपोर्ट हातात आल्यावरच व्हिसाचा अर्ज भरा. जुना पासपोर्ट फेकू नका, त्यातले जुने व्हिसे फाइलला वजन देतात.

खर्च मुलगा किंवा मुलगी करणार असेल, तर सर्वांत भक्कम कागद म्हणजे जर्मनीतल्या परदेशी नागरिक कार्यालयातून काढलेली हमी, ‘फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग’. नाव उच्चारता येईपर्यंत व्हिसा येतो, म्हणून सगळे त्याला फॉर्मल ऑब्लिगेशनच म्हणतात. मुलाने स्वतः जाऊन, पगाराच्या पावत्या आणि भाडेकरार दाखवून ते काढायचं. फी २९ युरो. खरी अडचण असते ती तिथली वेळ मिळण्याची. मोठ्या शहरांत त्यातच कित्येक आठवडे जातात, म्हणून सगळ्यात आधी हे सुरू करा. मूळ प्रत कुरियरने पुण्याला पाठवावी लागते, फोनवर आलेला फोटो चालत नाही. मुलाने हाताने लिहिलेलं आमंत्रणपत्र जरूर जोडा, पण ते या हमीची जागा घेत नाही.

हमी असली तरी आई-बाबांचे स्वतःचे कागद लागतातच, कारण दुसरा प्रश्न असतो ‘हे परत येतील कशावरून?’ निवृत्तांसाठी पेन्शनचा आदेश, गेल्या तीन महिन्यांचं बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट, मुदत ठेवींचे दाखले, प्राप्तिकर विवरणपत्रं, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट किंवा घराचा इंडेक्स टू. गावाकडची शेती असेल, तर सातबारा द्या, पण इंग्रजी भाषांतरासकट. नुसता मराठी सातबारा टेबलापलीकडच्या माणसाला वाचता येत नाही आणि तो बाजूला पडतो. आणखी एक: अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात एकदम पाच लाख टाकण्याचा सल्ला हमखास कुणीतरी देतं. ऐकू नका. ती रक्कम स्टेटमेंटमध्ये सगळ्यात आधी डोळ्यांत भरते. खरंच ठेव मोडली असेल, तर मोडल्याची पावती सोबत जोडा.

विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि राहण्याचे सगळे दिवस झाकणारा. इथल्या बऱ्याच पॉलिसी डॉलरमध्ये असतात. ३०,००० डॉलरची घेतलीत तर ती कमी पडते, म्हणून ५०,००० ची घ्या. बीपी-शुगर लपवून घेतलेली पॉलिसी व्हिसाला चालून जाईल, पण दवाखान्यात चालणार नाही.

फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, फिकट पार्श्वभूमी, सहा महिन्यांच्या आतला. स्टुडिओत नुसतं ‘व्हिसाचा फोटो’ म्हटलंत तर अमेरिकेचा चौकोनी दोन इंची हातात पडू शकतो, तेव्हा मापच सांगा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि १५ दिवस आधीपर्यंत तो गेलाच पाहिजे. निर्णयाला १५ दिवस, क्वचित ४५. अर्ज जमा करायचं केंद्र पुण्यातच आहे, त्यामुळे मुंबईची खेप वाचते, पण निर्णय मुंबईतला वाणिज्य दूतावास घेतो. केंद्रातला माणूस ‘हे चालेल’ म्हणाला म्हणून निर्धास्त होऊ नका, त्याचं काम कागद जमा करून घेण्याचं. फी प्रौढांना ९० युरो, वर केंद्राचा सेवाशुल्क. नकार आला तरी फी परत मिळत नाही. बोटांचे ठसे आई-बाबांनाच स्वतः जाऊन द्यावे लागतात, त्यात वयाची सवलत नाही. उतारवयात ठसे पुसट होतात, म्हणून आधी काही दिवस रात्री हाताला क्रीम लावा. मात्र त्या दिवशी हात कोरडे असू द्या.

विमानाचं तिकीट पक्कं काढू नका, आरक्षण पुरतं.

पासपोर्ट परत आला की स्टिकर नीट वाचा. समजा ‘पासून’ १ जून, ‘पर्यंत’ १३ सप्टेंबर आणि राहण्याचे दिवस ९० लिहिलेत. याचा अर्थ १३ सप्टेंबरपर्यंत राहा असा नाही. १५ दिवसांची सवलत प्रवास मागेपुढे झाला तर म्हणून असते, दिवस ९०च. कधी मागितलेल्या ९० ऐवजी ६० मिळतात, मग ६०च. प्रवेशांच्या रकान्यात ०१ असेल, तर मधेच लंडनला जाऊन परत येता येणार नाही, शेंगेनच्या बाहेर पाऊल पडलं की व्हिसा संपला.

नकार आला, तर कारणांच्या छापील यादीतल्या एका-दोन चौकोनांवर खूण असते. जर्मनीने १ जुलै २०२५ पासून फेरविचाराचा अर्ज बंद केला. उरतात दोन वाटा: बर्लिनच्या न्यायालयात दावा, नाहीतर नव्याने अर्ज. नवा अर्ज करताना खूण असलेल्या मुद्द्यावरचा नवा कागद लावा, तीच फाइल परत दिली तर उत्तरही तेच येतं.

सीमेवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने नवी संगणकीय नोंद आली आहे. शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो घेतात आणि दिवस यंत्रच मोजतं. ‘शिक्का पुसट होता’ ही सबब आता संपली. हमीची प्रत, विमा आणि परतीचं तिकीट हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.

राहिली बॅग. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यात घरचं तूप आणि श्रीखंडही आलं. हापूसची पेटी रोगमुक्ततेच्या सरकारी प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही आणि ओला कढीपत्ताही नाही. नारळ, केळी, खजूर चालतात. मसाले, पापड, चटण्या बिनधास्त भरा. औषधं मूळ पाकिटात आणि सोबत डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी, तीत ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव असलेलं बरं, कारण आपले ब्रँड तिकडच्या फार्मासिस्टला ठाऊक नसतात.