झाकण हिरवं होतं

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, नागपुरात मटणाच्या दुकानांपुढे सकाळपासून रांगा लागतात. श्रावण सुटलेला असतो. धरमपेठेतल्या आमच्या तुर्की रेस्टॉरंटलाही वर्षातला हा सगळ्यांत जड दिवस. मी इथे सहा वर्षं कॅप्टन आहे. ऑर्डर घ्यायची, किचनशी भांडायचं आणि गिऱ्हाईक उठून जाईपर्यंत त्या टेबलाचं जे काही होईल ते आपल्या अंगावर घ्यायचं, हे माझं काम.

त्याच दिवशी मारबतीची मिरवणूक असते. मारबत म्हणजे इडा-पीडा घालवायला मिरवून जाळतात तो पुतळा. काळी मारबत १८८१ पासून निघते म्हणतात. महाल-इतवारीकडे दिवसभर पाय ठेवायला जागा नसते, आणि आमचे सूप करणारे जुने आचारी तिकडेच राहतात. करीला ते उशिरा पोचणार हे दरवर्षीचं. बदली माणूस दरवर्षी मागतो, दरवर्षी मिळत नाही. या वेळी सूप लावायला उभा राहिला तो दुसऱ्याच आठवड्यातला नवा पोरगा.

हे सूप म्हणजे मेर्जिमेक चोर्बासी. चोर्बा म्हणजे आपला शोरबाच, आणि मेर्जिमेक म्हणजे मसूर. तुर्कस्तानात घरोघरी होतं, रमजानात रोजा सोडतानाही हे वाढतात. केशरी मसूर, कांदा, गाजर, एखादा बटाटा, सगळं शिजवून घोटायचं. खरी गंमत शेवटी आहे. लोणी कडवून त्यात लाल मिरचीचा भरडा आणि वाळलेला पुदिना टाकायचा, आणि ती फोडणी वाटीत वरून सोडायची. लिंबाची फोड बाजूला. आपण वरणावर वरून फोडणी देतो, तसंच. दोनेरला, म्हणजे उभ्या सळईवर फिरवत भाजलेल्या मांसाला, शवरमा म्हणून मेयोनीज मागणाऱ्यांना मी रोज समजावतो आणि रोज हरतो, पण हे सूप नागपूरच्या माणसाला कधी समजावून सांगावं लागलं नाही.

तिकडे पुष्कळ ठिकाणी हे सूप मांसाच्या नाहीतर कोंबडीच्या स्टॉकमध्ये, म्हणजे उकळून काढलेल्या पाण्यात, करतात. आम्ही करत नाही. मेनूवर त्याच्यापुढे हिरवा ठिपका आहे. आमच्याकडे दोन स्टॉक असतात. कोंबडीच्या हाडांचा, नॉनव्हेज पिलावासाठी. भाज्यांचा, सूपासाठी आणि बुलगुरसाठी, म्हणजे गव्हाच्या उकडलेल्या रव्यासाठी. दोन्ही सारख्याच स्टीलच्या पातेल्यांत, सारख्याच मापाच्या. ओळख एकच, लाल झाकण आणि हिरवं झाकण. हे मी मालकांना दोनदा सांगितलं होतं. झाकण धुवायला जातं, परत येताना कुठल्याही पातेल्यावर बसतं. रंग द्यायचा तर भांड्याला द्या. खर्च किती, ऑइलपेंटचा एक डबा.

संध्याकाळी मी स्वतः प्रत्येक पातेल्यातला एक चमचा चाखतो. ते माझ्यावर कुणी घातलेलं नाही, माझी सवय आहे. त्या दिवशी सातलाच बाहेर वीस-बावीस माणसं थांबलेली होती. चाखलं नाही.

आठच्या सुमारास सात नंबरवर एक कुटुंब बसलं. मुलगा, सून, कॉलेजातली नात आणि आजी. वाढदिवस नातीचा. केक त्यांनी सोबत आणला होता, तो मी फ्रीजमध्ये ठेवला. आजींच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी मलाच जवळ बोलावलं.

"हे पाय बाप्पा, कांदा-लसूण चालते मले. बाकी काही नोको. पोरीसाठी आली मी."

मी सूप सुचवलं, सोबत साधी पिदे, म्हणजे भट्टीतली लांबट रोटी, आणि आयरान. आयरान म्हणजे दही, पाणी, मीठ, फेस येईपर्यंत घुसळलेलं. "आमच्या हाताखालचं आहे आजी, निश्चिंत खा," असंही म्हणालो. ते वाक्य मला तोंडपाठ आहे.

सूप गेलं. पाचेक मिनिटांनी दुसऱ्या टेबलची वाटी मी स्वतः भरायला घेतली, तेव्हा पळीवरून धार नेहमीसारखी पडली नाही. जरा जड, चिकट. मसूर जास्त घोटलं गेलं की दाट होतं, चिकट होत नाही. तो चिकटपणा हाडांचा असतो. चमचा तोंडात घातला. पुदिना, मिरची, लोणी पुढे येतं, आणि ते गेल्यावर जिभेच्या कडेला कोंबडी उरते.

मी स्टॉकच्या पातेल्याकडे गेलो. झाकण हिरवं होतं. आत तळाला हाड.

मॅनेजरला बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, "सूप बंद कर, नवीन लाव. टेबलावर काही बोलू नकोस. त्यांना कळलेलं नाही, कळणारही नाही. आज तमाशा नको." माणूस वाईट नाही. त्यांच्या डोक्यात त्या वेळी भरलेला हॉल होता. सूप गेलेली बाकीची टेबलं सगळी कबाब खाणारी, त्यांना मी नंतर सांगितलं, कुणी मनावर घेतलं नाही. प्रश्न फक्त सातचा होता.

पासपासून, म्हणजे किचनमधून ताटं बाहेर देतात तिथून, सात नंबर वीस पावलांवर आहे. त्या वीस पावलांत मी दोनदा थांबलो. आजी पिदेचा तुकडा मोडून वाटीच्या कडेनं फिरवत होत्या, आपण ताटातली शेवटची आमटी पुसून घेतो तशा. नातीला म्हणत होत्या, "माह्या मायच्या हातची मसुराची आमटी अशीच लागे." वाटी जवळजवळ संपली होती.

मी खाली बसलो, त्यांच्या खुर्चीशेजारी, आणि सांगितलं. चूक आमची आहे, स्टॉक बदलला गेला, यात कोंबडीचा अंश आहे.

मुलगा उठला आणि त्यानं माझी कॉलर धरली. त्याला मी कधीच दोष देणार नाही. सून रडायला लागली. आजूबाजूची टेबलं गप्प झाली, कुणीतरी मोबाइल काढला. आजी काही बोलल्या नाहीत. तुकडा ताटलीत ठेवला, हात पुसला आणि माळ मुठीत धरली. मग मुलाला म्हणाल्या, "सोड त्याले. त्यानं सांगितलं म्हणून समजलं. चाल."

दाराशी त्या थांबल्या. मी चप्पल सरळ करायला वाकलो होतो.

"तुले कसं समजलं रे?"

"चाखलं आजी."

"मले काऊन नाही समजलं मंग? मले तं चांगलं लागलं."

आवाजात राग नव्हता. त्या मला खरंच विचारत होत्या. आयुष्यात कधी मांस खाल्लं नाही, तर त्याची चव ओळखणार कशी, हे उत्तर मला घरी पोचल्यावर सुचलं. दाराशी उभं असताना तोंडातून शब्द फुटला नाही. आणि ते उत्तरही पुरत नाही. त्यांना टोचलं ते घास खाल्ला हे नव्हे, तो चांगला लागला हे. आणि मी सांगितलं नसतं तर ते त्यांना कधी टोचलं नसतं.

आठ लिटर सूप ओतून दिलं. दुसऱ्या दिवशी मालकांनी पोराला काढलं. त्यानं हिरवं झाकण बघूनच स्टॉक घेतला होता, शिकवलं तसं. हे मी मालकांना म्हणालो, पण एकदाच म्हणालो, आणि ते जोरात बोलले तेव्हा गप्प बसलो. सातव्या टेबलावर बोलायला जे बळ आलं होतं ते ऑफिसात आलं नाही. पोराचा फोन नंबर माझ्याकडे आहे, अजून लावलेला नाही. पातेल्यांच्या कानांना हिरवा आणि लाल रंग मात्र मी स्वतःच्या पैशानं, साप्ताहिक सुट्टीला येऊन दिला.

गडबडीत केक फ्रीजमध्येच राहिला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नात एकटी न्यायला आली. मी आजींबद्दल विचारलं. "काल रात्रीपासून काही खाल्लं नाही तिनं," ती म्हणाली. "तुमच्यावर नाही रागावली. देवघरात बसलीये."

मी सांगितलं ते बरं केलं की नाही, हे तिला विचारायचं होतं. ती अठरा-एकोणीस वर्षांची पोर. विचारलं नाही. केकचा डबा दोरीनं नीट बांधला आणि गाडीवर आडवा धरू नकोस एवढं सांगितलं.