आत्याबाईंची जागा

आई मार्गशीर्षात गेली. नव्वदी ओलांडली होती. अंथरुणाला खिळली नाही, कुणाचं करून घेतलं नाही. रात्री दूधभाकरी खाल्ली आणि पहाटे उठलीच नाही. तेराव्याला येणारा प्रत्येक जण "सोनं झालं" म्हणत होता आणि मी पत्रावळ्या मोजत होते.

वैशाखात दिंडीच्या कारभाऱ्यांचा भावाला फोन. आत्याबाईंच्या, म्हणजे आईच्या, नावची भिशी, दिंडीतल्या जेवणाची वर्गणी, दरवर्षी येते, यंदा काय करायचं? गुडघ्यांनी जबाब दिल्यापासून आईचं चालणं बंद होतं, पण भिशी तिनं कधी चुकवली नाही. "माज्या वाटचं कुणीतरी जेवल," म्हणायची. भाऊ मला म्हणाला, "आक्का, तूच जा. तू आता रिकामी हायस." पेन्शन सुरू झाली की बाई रिकामी होते, असा आमच्या घराचा समज आहे.

मी हो म्हणाले, याचं मलाच नवल वाटलं. कारण लहानपणी मला वारीचा रागच होता. जूनमध्ये शाळा उघडायची, नव्या पुस्तकांना कव्हरं घालायची असायची, आणि नेमकी तेव्हाच आई पडशी भरायला घ्यायची. मग आषाढी पौर्णिमेचा काला होईपर्यंत घर माझ्यावर. मी सहावीत होते. आप्पा आणि दोन भाऊ, दोन वेळच्या भाकऱ्या, चुलीत ओली लाकडं. आप्पा ओरडायचे नाहीत. पहिला घास घ्यायचे, भुवई वर करायचे आणि एवढंच म्हणायचे, "मीठ." त्या एका शब्दाला मी शाळेतल्या छडीपेक्षा जास्त भ्यायचे.

आई परत यायची ती काळीठिक्कर पडून, टाचांना भेगा, आणि चेहरा असा की लग्नाला जाऊन आलीय. भावांना पिपाण्या, मला काळ्या मण्यांची माळ. मी भाजलेली बोटं दाखवायची. ती बघायची आणि म्हणायची, "शिकलीस की भाकरी."

पुढं नातवंडांची झाली तेव्हा ती वेगळीच बाई होती. नातवाचा जरा कान तापला तरी रात्रभर उशाशी. त्यांना ती गोष्टी सांगायची त्याही वारीच्याच. माउलींचा सोहळा सुरू करणारे हैबतबाबा आरफळचे, म्हणजे आमच्या साताऱ्याचे, हे ती अशा थाटात सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं हिच्याच चुलत्यांनी पालखी काढली. २०२० साली करोनात पादुका एसटीनं पंढरपूरला नेल्या, ते टीव्हीवर बघताना ती कितीतरी वेळ गप्प होती. नातसून घाबरली, म्हातारीला काही होतंय की काय. मग म्हणाली, "माउलीनं तिकीट काडलं का इचारा गं."

आळंदीच्या प्रस्थानाबद्दल काय लिहू? मी खांद्यांच्या मागे होते आणि मला फक्त खांदे दिसले. पुण्यात दोन रात्री एका शाळेच्या वर्गात, फळ्यावर कुणीतरी अपूर्णांक सोडवून ठेवले होते. एकादशी नेमकी दिवे घाटाच्या दिवशी आलेली. सगळ्यात लांबचा टप्पा, पोटात शेंगदाणे आणि राजगिऱ्याचा लाडू. घाटात पखवाज असा चढला की पाय आपोआप उचलले जात होते, तोंडातून नाम कधी सुरू झालं कळलं नाही, डोळे भरून आले, आणि तेवढ्यात एक पोरगा कॅमेरा घेऊन आडवा आला. "आजी, जरा तुळस सरळ धरा ना." डोक्यावर तुळस आमच्यातल्या दुसऱ्याच बाईच्या होती, ती बिचारी थांबली, मागच्या टाळकऱ्यांची ओळ तिच्यावर येऊन आदळली. मी त्या पोराला जे बोलले ते हरिपाठात बसणारं नव्हतं. वर डोक्यावर ड्रोन घोंघावत होतेच.

सासवड, जेजुरी. अंगावर पडलेला भंडारा वाल्ह्यापर्यंत निघाला नाही.

वाल्ह्याच्या रात्रीचं मात्र सांगते. पाल छोटं, बायका जास्त, पाऊस येतो-न येतो असा. आमच्या दिंडीत रहिमतपूरच्या काकू आहेत, पंच्याहत्तरीच्या पुढच्या, आईबरोबर चाललेल्या. त्यांनी मला पालाच्या दाराशी वळकटी टाकायला लावली. "आत्याबाईंची जागा ही. त्या कुणाला देत नव्हत्या. एकदा एका कीर्तनकाराच्या बायकूला उठवलंवतं हितनं." का, तर दाराशी वारा लागतो आणि पहाटे तीनला टँकरवर पहिला नंबर लागतो. माझी आई, जी घरी सगळ्यांची जेवणं झाल्यावर खरवड खायची, ती इथं जागेसाठी भांडायची.

मग बायकांना ऊत आला. आत्याबाई फुगडीला कशा सगळ्यांना दमवायच्या. आत्याबाईंची चंची कशी दिंडीभर फिरायची. भारुडात कशा त्या धोतर नेसून उभ्या राहिल्या होत्या. आणि मग काकू उठून बसल्या, पुढ्यात ताट आहे असा हात केला, घास तोंडात घातला, भुवई वर केली आणि म्हणाल्या, "मीठ."

अख्खं पाल हसलं. हुबेहूब आप्पा. आप्पांना काकूंनी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. आईनं त्यांना हे शिकवलं होतं, वर्षानुवर्षं, अशाच पालांतून, मी घरी त्या भुवईला घाबरत असताना.

मीही हसले. इतकं की पोट दुखलं. जरा वेळानं मी विचारलं, "आणि आमची आठवण काढायची का?" काकूंनी सरळ सांगितलं, "न्हाय बाई. घरचं नावबी काडायची न्हाय. कुणी पोरांसाठी रडाय लागली तर तिला म्हणायची, मग आलीस कशाला?" मी कूस बदलली. कंदील विझवला, त्यानंतर पाऊस आला, दाराशी झोपल्यामुळे सगळ्यात आधी मीच भिजले.

नीरेत पादुकांचं स्नान, पलीकडे आमचा सातारा जिल्हा. गावची माणसं पिठलंभाकरी घेऊन आली होती, ती काकूंच्या पाया पडून रडत होती आणि मला 'आत्याबाईंची थोरली' म्हणून दाखवलं जात होतं. लोणंदला समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी चोप उंच केला, सगळा तळ शांत झाला आणि आमच्या दिंडीचे टाळ तेवढे वाजत राहिले. तक्रार होती, पाण्याचा टँकर आमच्याकडे फिरकलाच नव्हता. एवढ्या शांत माणसांत आपलेच टाळ वाजत असतात तेव्हा फार लाज वाटते. पण काकू जोरात वाजवत होत्या, आणि टाळ थांबले ते चोपदार आमच्याकडे येऊन ऐकून गेल्यावरच. टँकर आला. रात्री दीडला, पण आला.

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. फलटण. बरड.

बरड ते नातेपुते. मुलानं मला पुण्यातून बूट घेऊन दिले होते, नारिंगी नाड्यांचे, आत गादीसारखे मऊ. दिंडीतल्या बायका पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडे बघून पदर तोंडाला लावत होत्या. लोणंदला पावसात बूट आतून भिजले ते वाळलेच नाहीत, आणि ओल्या पायमोज्यावर दोन दिवस चालून डाव्या टाचेला रुपयाएवढा फोड आला. बरडहून निघताना तो सुपारीएवढा फुगला होता. साधुबुवाच्या ओढ्याच्या पुढे ऊन असं तापलं की डांबर चिकटत होतं. मी टाच उचलून, चवड्यावर, मग पाय फेंगडा टाकून असं सगळं करून पाहिलं. दिंडी पुढे गेली. एक दिंडी ओलांडून गेली, मग दुसरी, तिसरी, प्रत्येकाचं भजन वेगळं, ताल वेगळा, आणि माझं ठणकणं कुठल्याच तालात बसेना. माउली, माउली करत लोक बाजूनं जात होते. एकानं "माउली, वाट द्या" म्हटलं तेव्हा मला त्या शब्दाचा पहिल्यांदा वीट आला.

धर्मपुरीच्या अलीकडे बाभळीखाली बसले. बूट काढायचं धाडस होत नव्हतं. शेजारी एक म्हातारी बोचक्याला टेकून बसली होती, एकटीच, नाकात मोठी फुली, पायात काही नाही. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, बुटाकडे बघितलं.

"काढ की ते. काय करायलीस बघत?"

मी काढला. मोजा फोडाला चिकटलेला. तिनं मोज्यावर पाण्याची धार धरली, बोटानं हळूहळू सोडवला, माझी टाच उचलून सरळ आपल्या मांडीवर घेतली. मी पाय मागे ओढला. वयानं मोठ्या बाईच्या मांडीवर पाय कसा ठेवायचा? तिनं गुडघ्यावर एक चापट मारली. मंगळसूत्राला पिनांच्या जुडग्यात सुई होती. पदराच्या काठाचा दोरा उसवला, सुईत ओवला, काडी ओढून टोक लाल केलं, आणि फोडाच्या या कडेनं घालून त्या कडेनं काढलं. दोरा आतच ठेवला, दोन्हीकडं बोटभर शेपटी सोडून कापला. पाणी दोऱ्यावरून थेंब थेंब यायला लागलं. "कातडं काढायचं न्हाई. दोरा ऱ्हाऊ दे. उद्याच्याला आपसूक सुकतंय." चंचीच्या कप्प्यात हळदीची पुडी होती. ती दाबली, माझाच रुमाल फाडून बांधला.

तोंड चाललेलंच होतं. जिंतूरकडची होती. पेरा झाला नव्हता. पाऊस पडला तर पोरगं पेरील, न्हाई तर बी घरात हाय. सून बरी आहे पण चहात साखर घालत नाही. तिच्या दिंडीपासून ती सकाळीच चुकली होती आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं. "सापडंल की. वाट एकच हाय." मी कुठली, कोण, कुणाची, एक शब्द विचारला नाही. तेच मला फार बरं वाटलं. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच कुणाची थोरली नव्हते. आणि त्या बाभळीखाली, टाच दुसऱ्या बाईच्या मांडीवर असताना, मी आईसाठी रडले. तेराव्याला रडले नव्हते एवढी. तिला वाटलं हळद झोंबायलीय. "झोंबतंय जरा, मग ऱ्हातंय," म्हणाली आणि फुंकर घालत बसली.

उठताना तिनं बुटांकडे बोट केलं. "हे घालणारायस का आता?"

"नाही."

"मग नाडी दे."

दोन्ही नाड्या तिनं सोडवून घेतल्या, बोचक्याला उभ्याआडव्या आवळल्या, ओढून बघितल्या, आणि पसंत पडल्या. मला वाटलं होतं पाया पडावं. पण ती बोचकं डोक्यावर घेऊन निघालीसुद्धा, आणि तिची चाल अशी की मी अनवाणी लंगडत गाठणं शक्यच नव्हतं. रस्त्याकडेच्या दुकानातून दीडशेची रबरी चप्पल घेतली आणि अंधार पडल्यावर नातेपुत्याचा तळ गाठला. काकू रस्त्यावरच उभ्या होत्या. रागावल्या, भरपूर रागावल्या. पंगत उठली होती, माझं ताट झाकून ठेवलेलं. आमटी अळणी होती. मी पहिला घास घेतला, भुवई वर केली आणि म्हटलं, "मीठ."

वाढपी पोरगं मिठाची बरणी घेऊन धावलं. आतून बायकांचा हसण्याचा जो आवाज आला तो शेजारच्या दिंडीत गेला असणार.

त्याच रात्री सुनेचा फोन. गॅस संपलाय, सिलिंडरचं पुस्तक कुठं ठेवलंय, आणि आई तुम्ही नक्की कधी येताय, बाळीला ताप आहे. नात चार वर्षांची आहे, माझ्याशिवाय झोपत नाही. पुस्तक कुठे आहे ते सांगितलं, ताप किती आहे विचारलं, डॉक्टरकडे जा म्हटलं. मग फोन बंद करून पडशीच्या तळाशी ठेवला आणि काकूंच्या जागराला जाऊन बसले. फोन द्वादशीपर्यंत तिथेच होता.

गोल रिंगणात घोडा डोळ्यांसमोरून वाऱ्यासारखा गेला, बायकांनी टापांखालची माती कपाळाला लावली, मीही लावली. भंडीशेगाव, वाखरी. वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र आल्यावर माणूस माणूस राहत नाही, नुसता पाट होतो. बोचक्यांकडे बघत होते. निळी होती, फुलाफुलांची होती, सिमेंटच्या पोत्यांची होती.

पंढरपुरात दर्शनबारीला उभी राहिले नाही. आई एकादशीला चंद्रभागेत बुडी मारायची, कळसाला हात जोडायचा, नामदेव पायरीला कपाळ टेकायचं आणि राहुटीत येऊन झोपायची. आत गेला नाहीत का, असं कुणी विचारलं तर, "त्यो काय पळून चाललाय?" मी कळसाला हात जोडले. आईसाठी काही मागायचं सुचलं नाही, तिचं सगळं झालं होतं. तेवढ्यात मागच्यानं ढकललं आणि चप्पल एका पायातून गेली ती गेलीच.

द्वादशीला पारणं सोडून फोन चालू केला. बाळीचा ताप उतरला होता. भावाच्या मुलाचा निरोप होता, आजी आणायची तसलेच बत्तासे आण, पाकिटातले नको. तसले बत्तासे शोधत प्रदक्षिणा मार्गावर दोन तास फिरले. चुरमुरे, साखरफुटाणे, बुक्का घेतला, काळ्या मण्यांची माळ घेतली. पिपाणीवाल्यानं पन्नास सांगितले. मी तीस म्हटलं, तो हलेना; पुढं गेले, मागं आले, तरी हलेना, शेवटी पन्नासच दिले. काकू म्हणाल्या, आत्याबाईंनी वीसला दोन आणल्या असत्या आणि वर एक वाजवून बघायला म्हणून फुकट घेतली असती.