मॅडम, कुठला कोर्स करू?

दर वर्षी नव्याने रुजू झालेलं कुणी ना कुणी स्टाफरूममध्ये माझ्या टेबलापाशी येतं आणि आवाज जरा खाली आणून विचारतं, "मॅडम, शिकवणं सुधारायचंय. कुठला कोर्स करू?" हातात तीन-चार परिपत्रकं असतात. एक पाच दिवसांची ऑनलाइन कार्यशाळा, एक दोन आठवड्यांचा रिफ्रेशर, एक कुठल्याशा सॉफ्टवेअरचं प्रशिक्षण, आणि एक आंतरराष्ट्रीय परिषद, जिच्या शीर्षकात इतके विषय कोंबलेले असतात की कुणाचाही पेपर त्यात आरामात बसावा. इतकी वर्षं मी याचं उत्तर तासाला जाता जाता, जिन्यात देत आले. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून यंदा नीट बसून लिहिते.

आधी कबुली. माझ्याकडे प्रमाणपत्रांची एक जाडजूड फाइल आहे. बढतीच्या वेळी ती उघडली गेली, पानं मोजली गेली, वाचली कुणीच नाहीत. त्यातल्या निम्म्या कार्यशाळांत काय झालं असं कुणी विचारलं तर मी विषय बदलते. एकदा तर कॅमेरा बंद ठेवून मी दिवसभर उत्तरपत्रिका तपासल्या आणि शेवटी चॅटमध्ये 'अतिशय उपयुक्त सत्र' असं टाकलं. माझ्या वर ओळीने तेच वाक्य होतं. त्यांच्याही उत्तरपत्रिका बऱ्याच तपासून झाल्या असाव्यात.

फाइल लागते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ती भरायची असेल तर तारखा जमतील तो कोर्स करा. पण शिकवणं सुधारायचंय असं म्हणत असाल, तर परिपत्रक हातात घेतल्यावर मी एकच गोष्ट शोधते: या सगळ्यात तुम्हाला शिकवताना कुणी पाहणार आहे का?

आपल्या धंद्यातली ही मोठी गंमत आहे. शोधनिबंध लिहिला तर दोन अनोळखी माणसं तो बारकाईने वाचून चुका काढतात. प्रबंधाची तोंडी परीक्षा होते. आणि ज्या कामाचा पगार मिळतो ते काम वर्गाचं दार लावून वर्षानुवर्षं चालतं. पाहणारे फक्त विद्यार्थी, आणि त्यांचे मार्क आपल्या हातात.

मला पहिल्यांदा पाहिलं ते सूक्ष्म अध्यापनात. 1963 च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत शिक्षक-प्रशिक्षणासाठी बसवली. पाच-दहा मिनिटांचा पाठ, समोर चार-पाच जण, एका वेळी एकच कौशल्य, मग चर्चा आणि लगेच तोच पाठ पुन्हा. आमच्याकडे तो उन्हाळी प्रशिक्षणाचा एक कंटाळवाणा कोपरा होता आणि समोर विद्यार्थी म्हणून बसलेले सहकारी मुद्दाम मख्ख चेहरे करत होते. पण त्यांनी व्हिडिओ काढला. सात मिनिटांत मी "समजलं?" असं अकरा वेळा विचारलं होतं, त्यातले नऊ वेळा फळ्याकडे तोंड करून. फळा बिचारा काय सांगणार. तोवर मी स्वतःला वर्गाशी बोलणारी बाई समजत होते.

त्या व्हिडिओनंतर थोडे दिवस मी जपून बोलले आणि मग सगळं पूर्वीसारखं झालं. खरा फरक पडला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आणि त्याचं कुठलंही प्रमाणपत्र माझ्याकडे नाही.

इतिहास शिकवणारे एक सहकारी, त्यांना आपण सर म्हणू, एकदा म्हणाले, "तुमच्या तासाला मागे बसू का? माझ्या तासाला तुम्ही बसा." मी म्हटलं, संख्याशास्त्रातलं तुम्हाला काय कळणार? ते म्हणाले, "म्हणूनच तर." त्या दिवशी माझा विषय होता सशर्त संभाव्यता. नेहमीचं उदाहरण घेतलं. हजार माणसांत दहा जणांना एक आजार आहे. चाचणी त्या दहांपैकी नऊ जणांना बरोबर पकडते. पण उरलेल्या 990 निरोगी माणसांतही दर दहांत एकाला ती चुकून 'आजार आहे' म्हणते. आता एखाद्याची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर त्याला खरंच आजार असण्याची शक्यता किती? मी प्रश्न विचारला, वर्गावर नजर फिरवली, आणि वळून बेझचं सूत्र, म्हणजे नवी माहिती कळल्यावर शक्यता किती बदलते ते काढायचं सूत्र, लिहायला घेतलं. तास छान झाला असं माझं मत.

सरांनी कागदाचे तीन रकाने केले होते. मिनिट, बाई काय करतात, मुलं काय करतात. त्या प्रश्नासमोर तिसऱ्या रकान्यात लिहिलं होतं, 'दोघींनी पेन उचललं. बाईंनी उत्तर सांगायला सुरुवात केली. पेन खाली.' शेवटी एक ओळ: 'मला अजूनही नव्वद टक्केच वाटतंय. का नाही?'

संध्याकाळी मी त्यांना आकडे मांडून दाखवले. पॉझिटिव्ह आलेले एकूण 108, त्यातले खरे आजारी 9, म्हणजे बारात एक. सर बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "हे मोजणं इतकं सोपं आहे, तर सूत्र आधी कशाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सूत्र आधी येत होतं कारण मला ते सूत्र आधी शिकवलं होतं.

आणि ते पेन. मेरी बड रो या अमेरिकी संशोधकबाईंनी 1970 च्या दशकात शाळांतल्या विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण तपासून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तीन सेकंद किंवा जरा जास्त थांबलं की उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं, एरवी गप्प असणारी मुलं बोलतात. हे मी एका कार्यशाळेच्या स्लाइडवर वाचलं होतं, टिपूनही घेतलं होतं. ते माझ्याबद्दल आहे हे मात्र सरांच्या तिसऱ्या रकान्याने सांगितलं.

तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. साठ जणांसमोर गप्प उभं राहून पाहा. पहिल्या दिवशी मी मनात अंक मोजत होते आणि हातातला खडू तुटला. चौथ्या दिवशी तोच चाचणीचा प्रश्न पुन्हा टाकला, तेव्हा मागच्या बाकावरचा, सहामाहीत एकदाही तोंड न उघडलेला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, निरोगी माणसंच इतकी जास्त आहेत की चुकीचे पॉझिटिव्हच जास्त निघणार ना?" सूत्राचा सगळा गाभा त्याने एका वाक्यात मांडला. त्या तासाला मी तोवर काहीच शिकवलं नव्हतं.

असाच धक्का हार्वर्डच्या एरिक मझुर यांना बसला होता. ते भौतिकशास्त्र शिकवत, मुलं उत्तम गुण मिळवत, अभिप्राय झकास. 1990 च्या सुमारास त्यांनी बलाविषयीच्या अगदी साध्या, आकडेमोड नसलेल्या प्रश्नांची एक चाचणी वर्गाला दिली. तेव्हा वर्गातल्या कुणीतरी विचारलं, उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहायची की मला वाटतं तशी? या एका प्रश्नातून पुढे त्यांची पद्धत उभी राहिली. विचारप्रधान प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने स्वतंत्र मत द्यायचं. साधारण 30 ते 70 टक्के उत्तरं बरोबर असतील तर शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा मत द्यायचं. बहुतेक वेळा दुसऱ्या फेरीत वर्ग बरोबर उत्तराकडे सरकतो, कारण परवाच समजलेल्या मुलाला न समजणाऱ्याची अडचण आपल्यापेक्षा जास्त आठवते. मी हे करते. मत द्यायला रंगीत कार्डं पुरतात, यंत्रं लागत नाहीत.

पण हे करायला घेतलंत तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर पहिल्या सत्रानंतर माझ्या नावाने बोटं मोडाल. विद्यार्थी कुरकुर करतील. माझ्या अभिप्राय-पत्रात आलं होतं, 'मॅडम स्वतः शिकवत नाहीत, आम्हालाच बोलायला लावतात.' 2019 मध्ये हार्वर्डमधल्याच एका प्रयोगात भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे दोन गट करून पाहिले. स्वतः डोकं चालवायला लावलेल्यांना चाचणीत जास्त आलं, आणि आपण कमी शिकलो असं वाटलंही त्यांनाच. छान ओघवतं व्याख्यान ऐकताना कळल्यासारखं वाटतं. स्वतः अडखळताना वाटत नाही. म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच मी आता वर्गाला हा प्रयोग सांगून टाकते. कुरकुर थांबत नाही, पण सौम्य होते. एकट्या अभिप्राय-पत्रावरून शिक्षक जोखणाऱ्यांबद्दल माझं मत मी इथे लिहीत नाही. संख्याशास्त्राच्या बाईला ते शोभणार नाही.

आता बाकीच्या संधी, झरझर. अभ्यास-रजा मिळत असेल तर सोडू नका. अमेरिकेत हार्वर्डने 1880 मध्ये दर सातव्या वर्षीची रजा सुरू केली तेव्हापासून ती चैन आहे की गरज हा वाद चालूच आहे. ज्यांनी घेतली त्यांच्यात मी वाद पाहिला नाही. देवाणघेवाणीच्या योजना चांगल्या, पण तिकडे जाऊन नुसती व्याख्यानं देऊन परतू नका, दुसऱ्याच्या वर्गात बसून या. युरोपच्या इरॅस्मस योजनेत नुसतं शिकवायला गेलेल्या शिक्षकाने आठवड्याला सहसा निदान आठ तास शिकवायचं असतं. उरलेल्या वेळेत तुम्ही काय पाहता यावर सगळं. सॉफ्टवेअरची प्रशिक्षणं गरज पडली तरच. परिषदांना आपल्या विषयासाठी जा, शिकवण्यासाठी फारसा उपयोग नाही. ब्रिटनमधल्या अ‍ॅडव्हान्स एचई या उच्च शिक्षणातल्या संस्थेची, चांगल्या अध्यापनासाठी दिली जाणारी फेलोशिप मला त्यातल्या त्यात आवडते, कारण तिथे हजेरी चालत नाही. तुम्ही वर्गात काय केलंत, का केलंत, त्यातून काय झालं, हे पुराव्यासकट लिहावं लागतं. एक पान लिहायला घ्या म्हणजे कळेल.

आणि ज्यांना संशोधनाची ओढ आहे त्यांनी स्वतःच्या वर्गावरच संशोधन करावं. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बॉयर यांनी 1990 मध्ये शोध, समन्वय आणि उपयोजन यांच्या रांगेत अध्यापनालाही विद्वत्तेचा प्रकार म्हणून बसवलं. बढतीच्या तक्त्यांना मात्र ते अजून पूर्ण पटलेलं दिसत नाही.

माझा एक राग आहे, तोही सांगते. सर आणि मी एकमेकांच्या तासाला बसतो हे कळल्यावर आणखी पाच-सहा जण आमच्यात आले. ठरलं होतं एवढंच: टिपणं ज्याचा तास त्याला द्यायची, दुसऱ्या कुणालाही नाही. वर्षभर उत्तम चाललं. मग वरिष्ठांपैकी कुणाला तरी हा 'उपक्रम' वाटला. त्याचा नमुना फॉर्म आला, पाचपैकी गुण आले, फॉर्मच्या प्रती कार्यालयात जमा करायचं ठरलं. पुढच्या सत्रात सगळ्यांना सगळ्यांच्या तासाला पाचपैकी पाच. टिपणात 'अतिशय उपयुक्त सत्र'. एका नव्या मुलीच्या फॉर्मवर कुणी तरी प्रामाणिकपणे तीन दिले होते, ते तिच्या कायम होण्याच्या बैठकीत वाचून दाखवलं गेलं. त्यानंतर वर्गाची दारं पुन्हा लागली.

मिशिगन विद्यापीठात अध्यापनाला मदत करणारं केंद्र 1962 पासून आहे. तिथला सल्लागार सत्राच्या मध्यावर वर्गात येतो, शिक्षक बाहेर जातो, मुलं गटागटाने सांगतात की कशाने शिकायला मदत होते आणि काय बदलायला हवं. ते सगळं शिक्षकाला सांगितलं जातं आणि गोपनीय राहतं. केंद्र इतकी वर्षं टिकलं त्यात या गोपनीयतेचा वाटा मोठा असणार असं मला वाटतं. ज्या कागदावर चूक लिहायची तो कागद बढतीच्या फाइलमध्ये जाणार असेल तर चूक कोण लिहील?

फॉर्म आता बंद पडलाय. तो रद्द कुणी केला नाही, नवा कुणी छापला नाही एवढंच. सर निवृत्त झाले. दर तासाच्या शेवटी मी मुलांकडून चिठ्ठ्या घेते: आज काय कळलं, काय अडलं. नावं नाहीत, एक मिनिट. परवाच्या साठातल्या बावीस चिठ्ठ्यांवर एकच गोष्ट अडली होती, आणि ती मी सर्वांत चांगली समजावली असं मला वाटत होतं.

तर ती परिपत्रकं ठेवा बाजूला, शेवटची तारीख पुढच्या महिन्यात आहे. बुधवारी दुसऱ्या तासाला मी पुन्हा तीच चाचणी आणि तेच हजार लोक घेणार आहे. तुम्ही भाषा शिकवता, उत्तम. मागच्या बाकावर बसा, तीन रकाने करा आणि सेकंदकाट्याचं घड्याळ आणा. शुक्रवारी मी तुमच्या तासाला येते.