आरवलीचा वेतोबा: भुतांच्या राजाच्या दारात

लहानपणी आजी तिन्हीसांजेला वेताळाचं नावही घेऊ द्यायची नाही. त्यामुळे वेतोबाच्या, म्हणजे त्याच वेताळाच्या, देवळासाठी सिंधुदुर्गात वेंगुर्ला-शिरोडा रस्त्यावर आरवलीला एसटीतून उतरताना छातीत थोडं धडधडतच होतं.

गाभाऱ्यात नऊ फुटांहून उंच, मिशाळ वेतोबा उभा. मान वर करूनच बघावं लागतं. पूर्वीची मूर्ती फणसाच्या लाकडाची होती, १९९६ साली पंचधातूची बसवली. देव फणसाचा, म्हणून इथली माणसं घरात फणसाचं लाकूड वापरत नाहीत.

पण माझी नजर खिळली ती चपलांवर. नवसाच्या चामडी चपला, माझ्या पायाच्या दुप्पट तरी असतील. वेतोबा रात्री त्या घालून गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्या झिजतात, असं गावकरी सांगतात. मी वाकून एका जोडाचा तळ पाहिला. टाचेकडची कड खरंच घासलेली होती. कशाने, ते विचारावंसं वाटलं नाही.

तेवढ्यात शेजारी एका कुटुंबाचं गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं मागणं, सुरू झालं. मुलगा परदेशी निघाला होता. "बा देवा म्हाराजा..." आणि प्रत्येक मागण्यामागून सगळ्यांचा एका सुरात "व्हय म्हाराजा!" ज्याच्या नावाने मुलांना घाबरवायचं, त्याच्याच हाती मुलगा सोपवत होते. भुतांना आवरायचं तर भुतांचा राजाच आपल्या बाजूला हवा, हा हिशेब मला तिथे उभ्या उभ्या पटला. आईच्या आजारपणाचं माझंही गाऱ्हाणं मी घातलं.

जाणाऱ्यांसाठी: रेल्वेने सावंतवाडी रोडला उतरा, पुढे शिरोड्याची एसटी धरा. राहायला शिरोडा किंवा वेंगुर्ला बरं. नैवेद्याला नारळापेक्षा केळ्यांचा घड न्या, तोच मान. चपलांचा नवस असेल तर जोड आधी सांगून शिवून घ्यावा लागतो, तयार मिळेल या भरवशावर येऊ नका. गाऱ्हाणं चालू असताना मध्ये घुसू नका, मोबाईल खिशात ठेवा, फोटोचं आधी विचारा. जत्रेला पाय ठेवायला जागा नसते. निवांत बघायचं तर साधा वार गाठा. जवळच सातेरीचं देऊळ आहे, तिथेही जा. गावची आई तीच.

परतताना शेवटची एसटी चुकली. अंधारात रस्त्याच्या कडेने शिरोड्यापर्यंत चालत आलो. आजीची आठवण आली, पण मागे वळून पाहिलं नाही.