ऊन वाढलं की नदी फुगते

पंधरा दिवस पावसाचा थेंब नाही, पारा पस्तिशीला टेकलेला आणि ओढे मात्र खळाळून वाहतायत. आपल्याकडच्या माणसाला हे पटकन पचत नाही. गोदावरी घ्या नाहीतर भीमा, आभाळ रुसलं की पात्रही रुसतं. मी राहते त्या स्वित्झर्लंडच्या वालिस प्रांतात उलटा कारभार आहे. ऑगस्टच्या कोरड्या ठणठणीत दिवसांत इथल्या डोंगरातल्या ओढ्यांना सर्वांत जास्त पाणी असतं, कारण वर हिमनद्या तापत असतात. दिवसभरातसुद्धा हा खेळ दिसतो. सकाळी दगडांवरून उड्या मारत जो ओढा पार करता, तोच दुपार कलल्यावर गुडघ्याच्या वर चढलेला असतो. म्हणून डोंगरात जायचं तर ओढे सकाळीच ओलांडा, असं इथला कुणीही जाणता माणूस सांगतो. पाणी राखाडी, दुधट. हिमनदी खाली सरकताना तळाचा खडक दळत जाते, त्याची पीठासारखी बारीक पूड त्यात मिसळलेली असते.

स्वित्झर्लंड म्हटलं की हिरवंगार आणि ओलंचिंब, असंच चित्र डोळ्यांसमोर येतं. पण आमच्या फिस्प गावात वर्षाला जेमतेम ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. दोन्ही बाजूंचे उंच डोंगर ढगांना अडवतात आणि मधली ऱ्होन नदीची दरी कोरडी राहते. त्यामुळे द्राक्षमळे आणि गवताची कुरणं जगवायला शेतकऱ्यांनी मध्ययुगापासून पाट काढले. इथे त्यांना ‘सुओने’ म्हणतात. समोरच्या डोंगरावर, आउसरबेर्ग गावाच्या वरचा एक सुओने चौदाव्या शतकातला आहे. सरळसोट कड्याला लाकडी पन्हळी टांगून त्यातून पाणी नेलेलं. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी, याच्या पाळ्या ठरलेल्या. तास-मिनिटांचे हिशेब आणि त्यावरून होणारी भांडणं यांत आपली माणसं अजिबात परकी वाटली नसती. २०२३ च्या डिसेंबरात युनेस्कोनं पाटपाण्याच्या या परंपरेला आपल्या वारसायादीत घेतलं, तेव्हा कौतुक झालं ते पाटांचं. त्या पाटांत जुलै-ऑगस्टला पाणी कुठून येतं, हे फारसं कुणी बोललं नाही.

हिमनदी नवं पाणी तयार करत नाही. जे पडतं तेच ती धरून ठेवते आणि उशिरा सोडते. हिवाळ्यातला बर्फ ती उन्हाळ्यात देते, हे तर झालंच. पण थंड, ओल्या वर्षांत साठवलेलं ती कधी कधी कित्येक दशकांनी, कोरड्या आणि तापलेल्या वर्षात देते. तिचं खरं मोल या दुसऱ्या कामात आहे. पाऊस दगा देतो त्याच वर्षी हिमनदी हात सैल सोडते, कारण ज्या उन्हानं शेत करपतं तेच ऊन तिलाही वितळवतं.

२०२२ चा उन्हाळा आठवा. इटलीत पो नदीच्या पात्रात वाळूचे पट्टे उघडे पडले होते, जर्मनीत काउब गावापाशी ऱ्हाईन इतकी उथळ झाली होती की मालवाहू जहाजं अर्धीमुर्धी भरून न्यावी लागत होती. हिमनद्यांच्या पायथ्याचे आमचे ओढे मात्र तुडुंब. हिवाळ्यात बर्फ कमी पडला होता, वसंतात सहारातून उडून आलेल्या धुळीनं जो होता तोही मळला होता, आणि मळका बर्फ ऊन जास्त शोषतो. त्या एका वर्षात स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांतला सुमारे ६ टक्के बर्फ गेला. पुढच्या वर्षी आणखी ४ टक्के. या दोन वर्षांत जेवढा बर्फ गेला तेवढा जायला पूर्वी, म्हणजे १९६० ते १९९०, तीस वर्षं लागली होती. त्या उन्हाळ्यात आमच्या दरीत पाण्याची ओरड फारशी झाली नाही, ती ही मुदत ठेव मोडल्यामुळे.

तर मग हिमनद्या वितळल्यानं पाणी वाढतं की कमी होतं? दोन्ही, एकामागून एक. तापमान वाढत जातं तसं आधी पाणी वाढतं, एका वर्षी शिखर गाठतं, आणि बर्फाचा आकारच इतका लहान होतो की नंतर कितीही ऊन पडलं तरी पाणी घटतच जातं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातली ५६ मोठी खोरी तपासली होती. त्यांतल्या जवळपास निम्म्या खोऱ्यांनी हे शिखर तेव्हाच ओलांडलं होतं. आल्प्समधल्या लहान हिमनद्यांवरचे ओढे उताराला लागलेत. सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा यांच्या उगमाकडचं हिमनद्यांचं पाणी मात्र शतकाच्या मध्यापर्यंत किंवा त्याहूनही पुढे वाढत राहील, असा अंदाज आहे. वाढतं पाणी बघून तिथे कुणी निश्चिंत होऊ नये, एवढंच मी म्हणेन.

‘नद्या आटणार’ असे मथळेही मला पटत नाहीत. पाऊस आणि बर्फ पडतच राहणार, त्यामुळे वर्षभराची बेरीज फार बदलेलच असं नाही. बदलणार ती वेळ. जे पाणी जुलै-ऑगस्टात येत होतं ते हिवाळ्यात आणि वसंतात वाहून जाणार, आणि सुओनेवर पाळी लागते तेव्हा ओढा बारीक झालेला असणार.

इथून जवळच, आलेच या आल्प्समधल्या सर्वांत लांब हिमनदीच्या खाली फीश नावाचं गाव आहे. सतराव्या शतकात हिमनद्या वाढत होत्या आणि बर्फानं अडवलेलं तळं फुटून पुराचे लोंढे गावावर यायचे. १६७८ मध्ये गावकऱ्यांनी नवस केला : आम्ही सदाचारानं राहू, पण देवा, हिमनदी थांबव. १८६२ पासून त्यासाठी दरवर्षी मिरवणूक निघू लागली. हिमनदी थांबली, मग मागे हटू लागली, आणि प्रार्थना तशीच चालू! शेवटी लोकांनीच व्हॅटिकनकडे परवानगी मागितली. नवस म्हणजे देवाशी झालेला करार, तो परस्पर कसा फिरवणार? २०१० मध्ये होकार आला आणि आता त्याच मिरवणुकीत हिमनदी टिकू दे म्हणून प्रार्थना होते. अर्ज-विनंत्यांच्या बाबतीत ही माणसं किती काटेकोर आहेत, ते यावरून कळावं. भीती मात्र जुनी तशी नवीही आहेच. २८ मे २०२५ ला शेजारच्या लोचेनटाल दरीत बिर्च हिमनदी कोसळली आणि ब्लाटेन गाव जवळजवळ सगळं गाडलं गेलं. सुमारे तीनशे माणसांना आधीच हलवलं होतं म्हणून मोठी मनुष्यहानी टळली.

उन्हाळ्यात घटणाऱ्या पाण्यावर उपाय म्हणून धरणाचं नाव सगळ्यांत आधी निघतं. ग्रांद दिक्सांस हे २८५ मीटर उंचीचं धरण वालिसमध्येच आहे. ते ३५ हिमनद्यांचं पाणी शंभरहून अधिक किलोमीटर लांबीच्या बोगद्यांतून गोळा करतं आणि ४० कोटी घनमीटर साठवतं. आता झरमाटच्या वर, गोर्नर हिमनदी मागे हटल्यानं मोकळ्या झालेल्या घळीत नवं धरण बांधायचा बेत आहे. जून २०२४ च्या सार्वमतात लोकांनी ज्या वीज कायद्याला कौल दिला, त्यातल्या जलविद्युत प्रकल्पांच्या यादीत हे धरणही आहे. हिमनदीनं रिकाम्या केलेल्या जागीच पाणी साठवायचं, ही कल्पना सुटसुटीत वाटते. पण धरण या ऋतूचं पाणी फार तर पुढच्या ऋतूला देतं. ओल्या दशकातलं पाणी कोरड्या दशकासाठी राखणं त्याला जमत नाही.

शिवाय ही धरणं बांधली तीच उन्हाळ्यातलं पाणी हिवाळ्यातल्या विजेसाठी अडवायला. उद्या ऑगस्टात द्राक्षमळेवाले म्हणणार, आम्हाला आत्ताच पाणी सोडा. वीजवाले म्हणणार, जानेवारीत घरं गरम कशी ठेवायची? ग्रांद दिक्सांसचे पाणी वापरायचे करार २०४४ मध्ये संपतायत. त्यानंतर यंत्रणेचा मोठा वाटा गावांकडे आणि प्रांताकडे येणार. वीज विकून कोणाला किती पैसे मिळणार, यावर वादावादी आधीच सुरू झालीय. ऑगस्टचं पाणी कुणाचं, हा मुद्दा मात्र अजून मागच्या बाकावरच आहे.