तुम्ही विचारलंत म्हणून: मी लीव्हला मत का दिलं

यंदा गणपतीत आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत उभी होते, तर मागून पुन्हा तोच प्रश्न आला. विचारणारा मुलगा नवा, २०२२ मध्ये इथे आलेला, चांगला मुलगा आहे. म्हणाला, काकू, राग मानू नका, पण तुम्ही स्वतः बाहेरून आलात आणि बाहेरच्यांना रोखायला मत दिलंत, हे कसं काय? राग नाही मानला. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये सार्वमत झालं, युरोपियन युनियनमध्ये राहायचं ('रिमेन') की बाहेर पडायचं ('लीव्ह'), त्यात मी लीव्हवर फुली मारली. पण नऊ वर्षं झाली, हेच ऐकतेय. पुण्याला गेले की मामेबहीण विचारते, जेवताना नवरा मध्येच काढतो, आणि आता मुलगी चौदा वर्षांची झालीय, तिच्या शाळेत हा विषय शिकवतात, तर तीही विचारायला लागली. रांगेत मोदक हातात घेऊन याचं उत्तर देता येत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी काय नव्हतं ते सांगते. लीव्हवाल्यांच्या प्रचाराच्या बसवर लिहिलं होतं की युरोपला आठवड्याला ३५ कोटी पौंड जातात, ते सरकारी आरोग्यसेवेला देऊ; त्याला मी भुलले नाही. सरकारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, पैसा कुठे अडतो ते रोज बघते, त्या आकड्यात पाणी आहे हे तेव्हाही कळत होतं. पोलिश लोक नोकऱ्या खातात असंही मला कधी वाटलं नाही. आमच्या लॅबमध्ये माणसं कमीच पडायची, कोण कोणाची नोकरी खाणार?

माझं कारण एकच होतं, माझी आई.

२०१२ च्या जुलैत सरकारने म्हाताऱ्या आईवडिलांना आणण्याचा नियम बदलला. तुमच्यातल्या ज्यांनी तो फॉर्म भरलाय त्यांना पुढचं सांगायला नको, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आईला अंघोळ, जेवण, कपडे यासाठी कायम दुसऱ्याचा हात लागतो हे आधी सिद्ध करायचं. मग ती काळजी तिला तिच्या देशात मिळतच नाही, किंवा तुम्ही पैसे पाठवले तरी परवडत नाही, हेही सिद्ध करायचं. आणि वर लिहून द्यायचं की ती इथे आली तर तिचा सगळा खर्च आपण करू, सरकारवर भार नाही. आता बघा, इथला खर्च झेपण्याएवढा पगार असेल तर त्या पगारात कऱ्हाडला बाई ठेवता येते, म्हणजे व्हिसा नाही. आणि पगार तेवढा नसेल तर तुम्ही तिला सांभाळणार कसं, म्हणजे तरीही नाही. मी एकुलती एक. वडील आधीच गेलेले. आईला अर्धांगाचा झटका येऊन डावा हात गेलेला. २०१४ मध्ये नकाराचं पत्र आलं, त्यात अगदी सभ्य भाषेत लिहिलं होतं की आपण पैसे पाठवू शकता आणि तिथे मदतनीस उपलब्ध आहेत. ते पत्र अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

माझ्या शेजारच्या बेंचवर एक पोलिश मैत्रीण काम करायची. २००५ मध्ये आलेली, मीही त्याच वर्षी आले. तिची आई २०१३ मध्ये आली. कशी आली? विमानात बसली आणि आली. बॅगेत सुकवलेल्या अळंब्यांच्या माळा, एक जाड रजई, आणि संपलं. ना फॉर्म, ना डॉक्टरचं पत्र, ना मुलाखत. पोलंड युरोपियन युनियनमधलं, तिथल्यांना तेव्हा इथे यायला व्हिसाच लागत नव्हता. मी तोवर या देशाची नागरिक झाले होते, लाल पासपोर्ट घेतला होता, राणीच्या नावाने शपथ घेतली होती. मैत्रिणीकडे यातलं काहीच नव्हतं, तिला ते लागतही नव्हतं. या देशाच्या नागरिकाला आपली आई आणता येत नाही आणि जो नागरिक नाही त्याला येते, हे मी कुणाकुणाला सांगितलं असेल त्याचा हिशोब नाही.

आणि हे लिहायला जड जातंय पण लिहिते. तिच्या आईने माझी मुलगी सांभाळली. माझी लेट शिफ्ट असली की नर्सरीतून ती आणायची, गरम सूप पाजायची, झोपवायची. माझी मुलगी तिला बाब्चा म्हणायची, पोलिशमध्ये आजीला म्हणतात तसं. मी रात्री नऊला घ्यायला जायचे तेव्हा पोरगी तिच्या मांडीवर झोपलेली असायची, आणि घरी आले की स्काइपवर कऱ्हाडची आजी, तिच्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली असायची तरी नातीसाठी जागी, एका हाताने फोन धरलेला आणि चेहरा अर्धा स्क्रीनच्या बाहेर. पोरगी झोपलीय म्हटलं की म्हणायची, असू दे, नुसती दाखव. तो मत्सर होता का? होता. माझ्या पोरीवर जीव लावणाऱ्या बाईचाच मी मत्सर केला.

आई २०१६ च्या जानेवारीत गेली. ठेवलेली बाई संध्याकाळी सहाला घरी जायची, आई रात्री बाथरूममध्ये पडली, सकाळपर्यंत तशीच होती. मी पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

त्यानंतर पाच महिन्यांनी मतदान. प्रीती पटेल तेव्हा मंत्री होत्या, त्या आपल्याकडच्या रेस्टॉरंटवाल्यांना सांगत होत्या की युरोपातून कुणीही येतो आणि तुमच्या आचाऱ्यांना मात्र व्हिसा मिळत नाही, हा भेदभाव संपवायचा तर बाहेर पडा. आपल्यातल्या बऱ्याच जणांना ते पटलं, मलाही पटलं. मला वाटलं युरोपचं दार सगळ्यांसारखं झालं की आमचंही जरा उघडेल, निदान कुणाच्या तरी आईला. मतदानाच्या आठवडाभर आधी लीव्हच्या बाजूचं ते पोस्टर आलं, बाहेरून येणाऱ्यांची लांबच लांब रांग आणि वर 'ब्रेकिंग पॉइंट', म्हणजे आता कडेलोट झाला, असं लिहिलेलं. त्यावरची रांग पोलिश लोकांची नव्हती हो, त्यातले चेहरे माझ्या मामे-चुलत भावंडांसारखे होते. आणि त्याच दिवशी रिमेनच्या बाजूच्या खासदार जो कॉक्स यांचा भर रस्त्यात खून झाला. त्या दिवशी मी थांबायला हवं होतं. नवरा म्हणाला, बघ, कुणाच्या बाजूला उभी राहतेयस बघ. मी म्हटलं, मी कुणाच्या बाजूला नाही, मी आईच्या बाजूला आहे. हे वाक्य मला तेव्हा फार खरं वाटलं होतं.

२३ जूनला धो धो पाऊस होता, बूथवर जाईपर्यंत चपला भिजल्या. पेन्सिलीला दोरी बांधलेली, कागदावर दोनच चौकोन, खालच्यात फुली मारली. लागलंच तर दहा सेकंद लागले असतील. नवऱ्याने वरच्यात मारली. त्याचा पासपोर्ट अजूनही भारतीय, तरी त्याला मत होतं, कारण आपण कॉमनवेल्थ. मैत्रिणीला नव्हतं. अकरा वर्षं टॅक्स भरलेला, आणि तिच्या आयुष्याचा निर्णय तिला सोडून आम्ही दोघं घेत होतो.

शुक्रवारी माझी सातची शिफ्ट होती. निकाल पहाटेच कळला होता, ५१.९ विरुद्ध ४८.१, आणि लंडनजवळचं आमचं स्लाऊ लीव्ह, ५४ टक्के. लॅबमध्ये शिरले तर ती आधीच आलेली, सेंट्रिफ्यूजमध्ये ट्यूब लावत होती. ट्यूब समोरासमोर जोडीने लावाव्या लागतात, नाहीतर मशीन थरथरतं, ती हे झोपेतही बरोबर करेल अशी बाई. त्या दिवशी तिने तीन वेळा काढून पुन्हा लावल्या. मी जांभळ्या टोपणांच्या ट्यूबांवर लेबलं लावत बसले. कुणी बोलत नव्हतं. रेडिओवर पंतप्रधान राजीनामा देत होते, पौंड १९८५ नंतर एवढा कधी पडला नाही असं सांगत होते, आमच्या सीनियरने उठून रेडिओ बंद केला.

साडेनऊला चहाच्या खोलीत आम्ही दोघीच. तिने कप धरला होता, पीत नव्हती. म्हणाली, मला जावं लागेल का? मी म्हटलं, छे, तुला कोण काढतंय. म्हणाली, आणि आईला? मी काही बोलले नाही. मग म्हणाली, आज सकाळी आई विचारत होती, तुझ्या मुलीला शाळेतून आणायचं ना, का आता नको? तिला वाटतंय रस्त्यात लहान पोरीशी पोलिशमध्ये बोलताना कुणी ऐकलं तर. मी म्हटलं, आणायचं म्हणजे काय, आणायचंच. तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं, डोळे लाल, रात्रभर टीव्हीसमोर बसलेली असणार, आणि म्हणाली, तुला तरी मत होतं. तू 'राहा' म्हणालीस ना?

मी हो म्हणाले.

तिने कप खाली ठेवला आणि मला मिठी मारली. तिच्या कोटाला लॅबच्या स्पिरिटचा वास होता आणि घरच्या धुण्याच्या साबणाचा, तोच वास माझ्या मुलीच्या कपड्यांना यायचा तिच्या घरून आली की. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. म्हणत राहिले, होईल सगळं ठीक. बाहेरून कुणीतरी अर्जंट सॅम्पल आलंय म्हणून हाक मारली म्हणून सुटले, नाहीतर किती वेळ तशी उभी राहिले असते माहीत नाही.

त्या दुपारी बाब्चाने मुलीला शाळेतून आणलं. रविवारी हॅमरस्मिथच्या पोलिश सेंटरच्या दारावर काहीबाही लिहिलेलं सापडलं, हंटिंग्डनला लोकांच्या घरी 'पोलिश किडे' लिहिलेली कार्डं पडली. बाब्चा पुढे कित्येक दिवस रस्त्यात माझ्या मुलीशी एक शब्द बोलायची नाही, नुसती हात धरून चालायची. पाच वर्षांच्या पोरीला वाटलं आजी रागावली.

आता तुम्ही म्हणाल, मग पश्चात्ताप झाला की नाही? इथे माझं माझ्याशीच भांडण आहे. तेव्हाची मी म्हणते, नियम अन्यायाचा होता, आणि ज्या लोकांनी रिमेनला मत दिलं त्यातल्या एकाने तरी २०१२ मध्ये आमच्या आयांसाठी तोंड उघडलं होतं का? आम्ही रांगेत उभे होतो तेव्हा कुठे होते हे उदार लोक? याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. पण आताची मी विचारते, बाई गं, तुझ्या मताने मिळालं काय? पटेल बाई पुढे स्वतः गृहमंत्री झाल्या, २०२१ पासून गुण मोजून व्हिसा द्यायची पॉइंट्सची पद्धत आली, आणि आईवडिलांचा नियम तसाच्या तसा राहिला. फक्त आता युरोपातून नव्याने येणाऱ्यांनाही तो लागू. मला माझ्या आईसाठी दार हवं होतं, मिळालं काय तर दुसऱ्यांच्या आयांसाठीही बंद दार. आपली मुलं मात्र पुष्कळ आली, हे मान्य करा, नर्स, केअरर, विद्यार्थी, तो रांगेतला मुलगासुद्धा त्यातल्याच एका व्हिसावर आला आणि मलाच विचारतोय. पण २०२४ च्या मार्चपासून नव्या केअररना पोरंबाळं आणायची बंदी झाली, दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना अंघोळ घालायला या आणि आपली पोरं तिकडे ठेवा, असं झालं. हे बघते तेव्हा मला ते ड्रॉवरमधलं पत्रच आठवतं.

आणि सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. मत देऊन झाल्यावर दोनेक वर्षांनी मला कळलं की युरोपच्या कोर्टाचा १९९२ चा एक निकाल होता, सुरिंदर सिंग नावाच्या भारतीय माणसाचा. त्याची बायको ब्रिटिश, दोघं जर्मनीत काम करून परत आले आणि इथल्या सरकारने त्याला अडवलं, तर कोर्ट म्हणालं की युरोपात राहून काम करून परतलेल्या ब्रिटिश नागरिकाच्या घरच्यांना युरोपचेच हक्क मिळाले पाहिजेत. त्या वाटेने कितीतरी लोक आयर्लंडला जायचे, काही महिने नोकरी करायचे, आणि घरच्यांना घेऊन परत यायचे. आयर्लंडमध्ये लॅबवाल्यांना नोकऱ्या होत्या. मी जाऊ शकले असते. मी सोडवून घेत होते ती साखळी नव्हती, ती माझ्याच उपयोगाची दोरी होती, आणि ती एका आपल्याच माणसाच्या नावाने होती. गेले असते का? मुलगी लहान, घराचं कर्ज, नवऱ्याची नोकरी, खरंच गेले असते का हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पण वाट नव्हती म्हणून मत दिलं असं जे मी इतकी वर्षं सांगत आले, ते खरं नव्हतं. वाट होती.

मैत्रिणीने २०१९ मध्ये फोनवरच्या अ‍ॅपने सेटल्ड स्टेटससाठी, म्हणजे युरोपच्या लोकांना पुढेही इथे राहता यावं म्हणून मिळणाऱ्या हक्कासाठी, अर्ज केला, माझ्यासमोर, त्याच चहाच्या खोलीत. पासपोर्टवर फोन ठेवून ती तो जरा इकडे जरा तिकडे सरकवत होती, चिप वाचली जात नव्हती, शेवटी मीच पासपोर्ट टेबलावर घट्ट धरून ठेवला. स्टेटस मिळालं. तरी पुढच्या वर्षी दोघी परत गेल्या, लुब्लिनजवळच्या त्यांच्या गावाला. म्हणाली, राहता येतं, पण आता आईला इथे करमत नाही.

बाब्चा आता ऐंशीच्या पुढे आहे, ऐकायला कमी येतं. पुढच्या मे महिन्यात आम्ही मायलेकी जाणार आहोत, तिकिटं काढलीत. मुलीने फोनवर पोलिश शिकायला घेतलंय, रोज रात्री तिच्या खोलीतून ते शब्द ऐकू येतात. परवा दारात येऊन म्हणाली, आई, तू मावशीला सांगितलंयस का, की तू काय मत दिलं होतंस? मी म्हटलं, नाही. म्हणाली, मग तिथे सांगणार आहेस का, कारण मला कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.

मी तिला म्हटलं, मेपर्यंत वेळ दे.