विषमता, तफावत, दुजाभाव: कुठे कोणता शब्द?

‘असमानता’ हा शब्द हल्ली सरसकट चिकटवला जातो. पगारातली असमानता, वागणुकीतली असमानता, दोन याद्यांमधली असमानता. व्याकरणाला धक्का लागत नाही, पण नेमकं काय झालंय ते वाचणाऱ्याला कळत नाही. कोणी अन्याय केला, आकडे जुळत नाहीत, की घडीच मुळात वाकडी बसली आहे? मराठीत या तिन्हींना वेगळे शब्द आहेत.

निवडीची सोपी युक्ती म्हणजे क्रियापद लावून पाहणं. भेदभाव, दुजाभाव, पक्षपात कोणीतरी ‘करतं’. विषमता कोणी करत नाही. ती असते, वाढते, पोसली जाते, नष्ट करावी लागते. तफावत आढळते, पडते किंवा राहते. त्यामुळे ‘कंपनीने महिला कर्मचाऱ्यांशी विषमता केली’ हे वाक्य अडखळतं. तिथे भेदभावच हवा. ‘जमिनीच्या मालकीत भेदभाव आहे’ हे त्याच्या उलट टोकाचं: करणारा कोणी दिसत नाही, स्थिती दिसते, म्हणून विषमता.

वागणुकीच्या शब्दांतही बारकावे आहेत. पक्षपात करायला हातात निवाडा असावा लागतो. पंच, परीक्षक, निवड समिती. दुजाभावात आपला-परका हे मोजमाप असतं. सापत्न वागणूक दिली जाते ती हक्काच्या माणसाला, म्हणून एखादा विभाग निधी मिळाला नाही की हाच शब्द काढतो. आणि पंक्तिप्रपंच! एकाच पंगतीतल्यांना वाढताना हात वेगवेगळा चालणं. तो शोभतो फक्त सारख्या पात्रतेच्या लोकांबाबत. एकाच दिवशी, सारखीच कागदपत्रं जोडून अर्ज केलेल्या दोघांपैकी एकाला मंजुरी आणि दुसऱ्याला त्रुटीचं पत्र, हा पंक्तिप्रपंच. घरात बोलताना एवढं जड कोणी बोलत नाही, ‘मुलांमध्ये डावं-उजवं करू नका’ एवढंच पुरतं.

तफावतीला हिशेबाचा वास आहे. ‘नोंदवही आणि प्रत्यक्ष साठा यांत तफावत आढळली’ हे वाचलं की संशयाची सुई हलते. नुसता वेगळेपणा सांगायचा असेल तर फरक पुरे. मात्र ‘फरक पडतो’ म्हटलं की अर्थच बदलतो, ते परिणामाबद्दल होतं. दरी हे रूपक आहे, त्याला रूपकाचीच क्रियापदं द्या: ती रुंदावते, बुजते. ‘दरी ५ टक्क्यांनी घटली’ हे कानाला खटकतं. टक्के तफावतीला द्यावेत.

विषमतेचा जोडीदार समता. सामाजिक चळवळींनी ही जोडी घासूनपुसून वापरली, त्यामुळे तिला अन्यायाची धार आहे. डॉ. आंबेडकरांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणाबद्दल मराठीत लिहिताना राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशीच मांडणी येते. तिथे ‘असमानता’ बसवून पाहा, वाक्य लगेच मिळमिळीत होतं. असमानता गणितात मात्र अगदी योग्य जागी असते, उदाहरणार्थ त्रिकोणाच्या बाजूंच्या असमानतेचा गुणधर्म.

दोन सापळे इथेच सांगतो. विषमचा विषाशी संबंध नाही. वि आणि सम जोडताना ‘स’चा ‘ष’ होतो, जसा अभिषेकात होतो. म्हणून विषम हवामान विषारी नसतं, त्यात कमाल आणि किमान तापमानात मोठं अंतर असतं. दुसरा सापळा वैषम्य. घडणीने त्याचा अर्थ विषमताच, पण रोजच्या मराठीत वैषम्य ‘वाटतं’, म्हणजे मनाला लागतं. ‘आर्थिक वैषम्य वाढले’ हे जुन्या ग्रंथात चालतं, आज वाचणारा क्षणभर थबकतो. ‘वैषम्यता’ तर लिहूच नये, भाववाचकाला पुन्हा ‘ता’ कशाला?

आकडे आले की शब्दाची निवड आणखी जपून करावी लागते. समजा एकाचं उत्पन्न १० हजार, दुसऱ्याचं २० हजार. दोघांचंही दीडपट झालं: १५ आणि ३०. तफावत १० हजारांवरून १५ हजारांवर गेली, पण दुसरा आधीही दुप्पट कमावत होता, आताही दुप्पटच. ‘तफावत वाढली’ हे खरं. ‘विषमता वाढली’ हे मोजपट्टीवर अवलंबून. गिनी गुणांक (विषमतेचं एक मोजमाप: सगळ्यांना सारखं असेल तर ०, मोठ्या समूहात सगळं एकाकडेच गेलं तर १ च्या जवळ) दोन्ही वेळी तेवढाच येतो, एक षष्ठांश. मथळ्यात विषमता घालायची तर मोजपट्टी पहिल्या परिच्छेदात सांगावी. नाहीतर प्रतिवाद करणारा गुणोत्तर काढून दाखवतो आणि तोही खोटं बोलत नसतो.

नियम आणि अर्ज लिहिताना हीच लहान-मोठेपणाची भाषा घोटाळा करते. ‘किमान ५’ मध्ये ५ धरला जातो, ‘५ पेक्षा जास्त’ मध्ये नाही. ‘१८ वर्षांवरील’ वाचून १८ वर्षं नुकती पूर्ण झालेल्याने अर्ज करायचा की नाही? ‘१८ वर्षे पूर्ण’ लिहा, प्रश्न मिटतो. ‘१० तारखेच्या आत’ यात १० तारीख कोणी धरतं, कोणी सोडतं. ‘१० तारखेपर्यंत, तो दिवस धरून’ असं लिहिलं की वाद होत नाही. ‘तिपटीने वाढले’ हे काही जण तिप्पट समजतात, काही चौपट. ‘तिप्पट झाले’ एवढंच लिहावं. आणि ४० टक्क्यांचे ५० टक्के झाले तर ती १० टक्क्यांची वाढ नव्हे, २५ टक्क्यांची. हा गोंधळ टाळायचा असेल तर ‘४० वरून ५० टक्क्यांवर’ असं सरळ लिहून मोकळं व्हावं.